आई-बाबा वेगळे राहणार म्हणतायत. बोट्या कुणाकडं?

हळदपेठ

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबेल थोडं.

मी सांगलीची, गावभागातली. वय २३. सध्या पुण्यात कोथरूडला पीजीत राहते, सीएची आर्टिकलशिप चालू आहे. घरी आई, बाबा, आजी, बारावीतला भाऊ आणि बोट्या. बोट्या म्हणजे आमचा कुत्रा. गावठीच, बदामी रंगाचा, एक कान उभा, एक पडका.

२०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात तो आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५ फूट, सांगलीकरांना हे आकडे झोपेतही पाठ असतात). आम्हाला बोटीतनं बाहेर काढलं तेव्हा शेजारच्यांच्या जिन्यात हे एवढंसं पिल्लू बसलेलं. भावानं शर्टात कोंबलं. बोटवाला "आधी माणसं, आधी माणसं" ओरडत राहिला, तोवर बोट सुटली होती. म्हणून नाव बोट्या.

बाबांचं मारुती रोडला कापडाचं दुकान. त्या पुरात सणासाठी भरलेला सगळा माल चिखलात गेला. कर्ज काढून, आईचे दागिने तारण ठेवून दुकान उभं केलं आणि २०२१ च्या जुलैत परत पाणी आत. दागिने अजून बँकेतच आहेत. भांडणाची सुरुवात कुठनं झाली विचाराल तर तिथनं. पण आता त्याला सुरुवातही लागत नाही. आमटीत मीठ जास्त झालं तरी गाडी दागिन्यांवर येते आणि तिथनं आत्याच्या लग्नात कोण काय बोललं त्यावर जाते. मारहाण कधीही नाही, दारू नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक लगेच तेच विचारतात.

गेलं वर्षभर आई-बाबा एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. बोट्यामार्फत बोलतात. खोटं वाटेल, पण खरंच. आई भाकरी थापता थापता, "बोट्या, मालकाला सांग, सिलिंडरवाला येऊन गेला, पैसे द्यायचे राहिलेत." बाबा पेपरमागनं, "बोट्या, विचार तुझ्या आईला, बँकेचा फोन आला होता तो मला का नाही सांगितला." आणि तो येडा ज्याच्या तोंडून आपलं नाव येईल त्याच्याकडं शेपूट हलवत जातो. सुरुवातीला आम्ही भावंडं हसायचो. मी तर मैत्रिणींना त्याचा व्हिडिओही दाखवलाय.

हल्ली हाक मारली तरी तो येत नाही. आवाज चढला की आजीच्या कॉटखाली, भिंतीला चिकटून. जेवत नाही, पोट बिघडतं. मी रात्री भावाला फोन करते तेव्हा "घरात काय चाललंय" असं विचारत नाही. "बोट्या कुठाय" विचारते. "गच्चीवर" म्हणाला की मला झोप लागते. "कॉटखाली" म्हणाला की संपलं, मग दोन-अडीचपर्यंत टक्क जागी. ऑफिसात ताळेबंद जुळवताना आकडे डोळ्यांसमोरनं जातात पण डोक्यात शिरत नाहीत. फोन वाजला की पोटात गोळा येतो, मग तो क्रेडिट कार्ड विकणाऱ्याचा का असेना.

आता मुद्दा. दोघांनी वेगळं राहायचं ठरवलंय. घटस्फोट नाही, नुसतं वेगळं. आई तासगावला मामाकडं जाणार. मामीला दमा आहे, तिथं कुत्रा चालणार नाही. भाऊ फेब्रुवारीतल्या परीक्षेपर्यंत सांगलीतच, पुढचं पुढं. आणि बाबा म्हणाले, मी दिवसभर दुकानात, आजी थकलेली, कुत्र्याचं कोण करणार? शिराळ्याकडं ओळखीच्यांचा मळा आहे, तिथं सोडतो, मोकळा राहील. आजी तेवढी म्हणाली, "दत्ताच्या पायाशी असतंय ते, घरातनं काढायचं न्हाई." पण आजीचं आता कोण ऐकतंय.

आई-बाबा वेगळे राहणार हे कळलं तेव्हा मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर हायसंच वाटलं. बोट्याला मळ्यावर सोडणार हे कळलं आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये हुंदके आवरेनात. सोबतची मुलगी म्हणाली, "अगं, एका कुत्र्यासाठी?"

हे नॉर्मल आहे का? मी त्याला पुण्याला आणू का? पीजीत परवानगी नाही आणि वेगळी खोली स्टायपेंडमध्ये परवडणार नाही. आणि भावाचं काय? तो गच्चीवर बोट्याच्या पाठीला पाठ लावून अभ्यास करतो.

माईंची_ओसरी

अगं बाळ, रडू आलं त्यात वावगं काही नाही. त्यावर इथली जाणती मंडळी बोलतील. मला एक वेगळंच विचारायचंय. तुझी आई घरात काही कमावते का? तू बाबांच्या दुकानाचं सगळं लिहिलंस, आईचं काहीच नाही.

हळदपेठ

माई, हो. आई डबे करते. विश्रामबागेत वालचंद कॉलेजच्या मुलांना जातात, सकाळ-संध्याकाळ. दुकान बंद होतं तेव्हा घर त्यावरच चाललं.

सरळसोट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या लहानपणी कुत्री अंगणात असायची. आली तर आली, गेली तर गेली. इथं आई-बाप वेगळे होतायत आणि मुलगी कुत्र्यासाठी रडतेय. आजच्या पिढीचं हे जरा अतीच होतंय. मळ्यावर कुत्रा मजेत राहील, चिंता नको. भावाला बारावी आहे, त्याच्याकडं लक्ष द्या. जग कुठं चाललंय आणि आपण काय घेऊन बसलोय!

बेळगावी_तिखट

सरळसोट काका, मजेत राहतो की नाही ते माझ्याकडनं ऐका.

माझं गाव बेळगावजवळ. आमच्याकडं भावकीचं भांडण, बाबा आणि काका, एका वाड्यात मधोमध भिंत घातलेली. आमची काळी कुत्री होती, राणी. तिला भिंत कळायची नाही. ती काकांच्या बाजूला गेली की त्यांनी दगड मारायचा, मग बाबांनी जाऊन शिव्या द्यायच्या, मग रात्रभर दोन्हीकडं कुणी झोपायचं नाही. मी हुबळीला हॉस्टेलवर होतो. सेमिस्टरची परीक्षा संपवून घरी आलो, अंगणात साखळी होती, कुत्री नव्हती. "तुझा अभ्यास बिघडेल म्हणून सांगितलं नाही." खानापूरकडं कुणाच्या तरी शेतावर दिली म्हणे. दोन दिवसांनी मी तिथं गेलो, तर तो माणूस म्हणाला, दिली त्याच रात्री साखळी तोडून गेली. पुढं काही कळलं नाही.

हॉस्टेलवर परत गेलो तेव्हा माझा चेहरा बघून पोरांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, आजोबा गेले. माझे आजोबा मी तिसरीत असताना गेलेले. पण कुत्री गेली म्हटलं असतं तर हसले असते. आजोबा म्हटल्यावर एकानं चहा आणून दिला, एकानं माझी असाइनमेंट लिहिली. खोट्या नावानं का होईना, चार लोकांनी सांत्वन केलं.

त्यानंतर घरी जाणं कमी झालं. मी काही ठरवून रागावलो नव्हतो. पण बस स्टँडवर उतरल्यावर पावलं जड व्हायची. आता बंगळूरला नोकरी करतो, आईशी बोलतो, बाबांशी "जेवलात का" एवढंच. त्यांना अजूनही वाटतं मी वाटणीवरून नाराज आहे.

तुला सांगायचंय ते एवढंच. काय ठरेल ते ठरेल, पण भावाच्या पाठीमागं ठरू देऊ नकोस. "परीक्षा झाल्यावर सांगू" हे वाक्य घरात कुणाच्या तोंडून निघालं की तिथंच थांबव. सतरा वर्षांचा पोरगा आहे, त्याला कळतं.

रंकाळा_पशुवैद्य

कोल्हापुरात पाळीव प्राण्यांची प्रॅक्टिस करतो. कुत्र्याच्या बाजूनं थोडं बोलतो.

पोट बिघडणं, जेवण सोडणं हे ताणानं होतं, पण आधी तपासून घ्या. गोचीड तापाचीही सुरुवात अशीच असते. सुस्ती, भूक नाही, अंग गरम, हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं की कळतं आणि वेळेत धरलं तर गोळ्यांवर बरं होतं. जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं, रेबीजची वार्षिक लस झालीय का, तेही भावाला कार्डावर बघायला सांगा. कुटुंबात कलह चालू असला की पहिली चुकते ती कुत्र्याची लस. माझ्या टेबलावर अशी कार्डं बरीच येतात.

तब्येत ठीक निघाली तर मग ताणाकडं वळू. कॉटखाली गेला की ओढून काढायचा नाही. ती त्याची हक्काची जागा. तिथंच आजीचं जुनं लुगडं आणि पाण्याचं भांडं ठेवा. फिरायला न्यायची आणि खायला द्यायची वेळ मात्र चुकवू नका, घरात काहीही पेटलेलं असो.

हाकेला येत नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटलं. कुत्र्याला वाक्य कळत नाही, आवाजाची पट्टी कळते आणि स्वतःचं नाव कळतं. वर्षभर त्याचं नाव चढ्या किंवा कडवट आवाजात घेतलं गेलं आणि त्यानंतर दर वेळी काहीतरी आदळआपट झाली. "बोट्या" ऐकलं की पळा, हे तो शिकला. उलटंही शिकवता येतं. भावानं दिवसातनं काही वेळा हळू आवाजात नाव घ्यायचं आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. काम सांगायचं नाही, बस म्हणायचं नाही. नाव आणि अंडं, बाकी काही नाही. आणि मोठ्यांनी भांडताना त्याचं नाव घेणं बंद करायचं. हे जमलं नाही तर अंड्यांचा उपयोग होणार नाही.

मळ्याबद्दल. शिराळा-वाळवा पट्ट्यात उसात बिबटे आहेत, हे तुमच्या बाबांनाही माहीत असेल. साखळीला बांधलेला कुत्रा त्यांना आयता सापडतो. मोकळा सोडला तर मळ्यावरची कुत्री नवख्याला घेत नाहीत आणि तो घराच्या वासानं हायवेला लागतो. बेळगावच्या मित्रानं लिहिलंय ते मी बऱ्याचदा ऐकलंय. शिवाय सांभाळणारा कुणी नसताना नुसतं सोडून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. बाबांना कायदा दाखवू नका, उगाच अजून एक भांडण होईल. बिबट्याचं सांगा.

पुण्याला आणायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. रेल्वेनं आणायचा तर एसी फर्स्टचं अख्खं कूपे घ्यावं लागतं, नाही तर गार्डच्या डब्यातली पेटी. भेदरलेल्या कुत्र्याला त्या पेटीत घालू नये. गाडीनं आणलात तरी तुम्ही दिवसभर ऑफिसात आणि तो चार भिंतींत. गच्चीवर वाढलेला कुत्रा आहे तो.

द्वारका_समुपदेशक

मी नाशिकला कॉलेजच्या वयाच्या मुलांबरोबर काम करते. "नॉर्मल आहे का" या प्रश्नाला उत्तर: हो.

आपल्याकडं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, पिठलं-भात आणून देतात, ऑफिस सुट्टी देतं. कुत्रं गेलं की "दुसरं आण". अमेरिकेतल्या केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ साली हे नीट मांडलं. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानत नाहीत ते माणसाला एकट्यानं आणि लपून करावं लागतं, आणि त्यामुळं ते अधिक अवघड होतं. बेळगावी तिखट यांचे "आजोबा गेले" हे त्याचं इतकं चोख उदाहरण आहे की वाचताना मी थांबले.

दुसरं. आई-बाबा वेगळे होतायत याचं रडू आलं नाही म्हणून तुम्ही स्वतःला दगडाच्या काळजाची समजू नका. ते दुःख तुम्ही २०२१ पासून रोज थोडं थोडं करत आला आहात. बोट्या जाणार हे मात्र नवीन आहे, आणि त्या घरात तुमच्याकडून काहीही न मागणारा तोच एक आहे. कुत्रा आणि माणूस एकमेकांकडं बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याचं संप्रेरक, वाढतं, असं जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. आई आणि तान्ह्या बाळात होतं तसं. तेव्हा "एका कुत्र्यासाठी" म्हणणाऱ्या मुलीला शरीरशास्त्र ठाऊक नाही, एवढंच समजा.

पण कुत्रा हे औषध आहे असंही मी म्हणणार नाही. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या २०१९ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं आणि त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. त्यावरून लोक "कुत्रा पाळा, नैराश्य पळवा" असं लिहितात. तसं सरसकट सिद्ध झालेलं नाही. आणि त्या प्रयोगातल्या प्राण्यांसमोर कुणी ताटं आपटत नव्हतं. तुमच्या घरी कुत्राच भेदरलेला आहे, तर तो तुम्हाला किती शांत करणार?

मरे बोवेन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले. त्यांचं एक साधं निरीक्षण आहे: दोघांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. बहुतेक घरांत तो तिसरा म्हणजे मूल. तुमच्याकडं कुत्रा. मूल निदान "मला मध्ये घेऊ नका" म्हणू शकतं. म्हणून उद्या बोट्या गेला तर ती जागा रिकामी राहील असं समजू नका. तिथं तुमच्या भावाला बसवतील.

किंबहुना तो बसलेलाच आहे. तुम्ही रात्री फोन करून "बोट्या कुठाय" विचारता, त्यामागं प्रेम आहे हे मला कळतं. पण त्या एका उत्तरावर ताईची झोप अवलंबून आहे हे त्यालाही कळत असणार. त्याला त्याचं विचारा. जेवलास का, केमिस्ट्री कुठवर आली, तुला काय वाटतं. आणि "बोट्या, सांग तुझ्या मालकाला" सुरू झालं की तुम्ही दोघा भावंडांनी निरोप पोचवायचा नाही, शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जायचं. बोट्याला घेऊन.

झोप अशीच उडालेली राहिली, ऑफिसातलं काम होईना, किंवा जगणंच नको असं कधी वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. भावालाही देऊन ठेवा.

माईंची_ओसरी

आता माझं बोलते. सगळे विचारताय बोट्या कुणाकडं. आईला कुणी विचारलं का, की बाई, तुला तासगावला जायचंय का?

डबे विश्रामबागेत आणि बाई तासगावला! म्हणजे डबे गेले. भावाकडं बहीण चार दिवस पाहुणी असते. पाचव्या दिवसापासून भाजी तिनं निवडायची, आठव्या दिवसापासून भाकरी तिनं थापायच्या, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. मी माझ्या धाकट्या बहिणीचं बघितलंय, म्हणून एवढ्या तोंडानं बोलते. कमावत्या बाईनं माहेरी जाऊन बिनकमावती व्हायचं, याला वेगळं राहणं म्हणत नाहीत.

विश्रामबागेतच दोन खोल्या बघा. डबे पोचवायचा रिक्षाखर्च वाचेल. मुलगा आईजवळ, त्याचं कॉलेज सांगलीतलंच. कुत्रा मुलाजवळ. बाबांना कुत्र्याला भेटायला यायचं असेल तर येतील बापडे, गावभाग ते विश्रामबाग काही लंडन नाही. आणि आजीला कुणी तरी नीट विचारा, ती कुठं राहणार. तिचं बोलणं तुम्ही सगळ्यांनी म्हातारीची बडबड म्हणून सोडून दिलंय, पण त्या घरात सरळ बोलणारी ती एकटीच दिसते.

सरळसोट

माई, हे पटलं. खोल्या घेणार असाल तर माझं एक ऐका, माझी सगळी नोकरी दस्त नोंदणीत गेली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. त्यात "एक पाळीव कुत्रा राहील" हे वाक्य स्वच्छ लिहून घ्या. तोंडी "चालतंय की" म्हणणारा मालक तिसऱ्या महिन्यात फिरतो. अपार्टमेंट असेल तर सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, पशू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण खोलीच्या मालकानं करारातच नको लिहिलं तर तुम्ही अडकाल. आणि घरातनं डबे करणार हेही लिहा, धंदा म्हणून नंतर कटकट नको.

कुत्र्याचं माझं मत बदललेलं नाही. पण बिबट्यापुढं टाकू नका.

बेळगावी_तिखट

काका, एवढंही पुष्कळ झालं.

हळदपेठ

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार घरी जाऊन आले. तुकड्या-तुकड्यांत सांगते, अजून सगळं डोक्यात बसलेलं नाही.

समुपदेशक ताईंनी सांगितलं तसं भावाला गच्चीवर बसवून त्याचं विचारलं. आधी "ठीक आहे" एवढंच. मग म्हणाला, "ताई, तू विचारतेस ना बोट्या कुठाय, त्यातलं निम्म्या वेळा मी खोटंच गच्चीवर म्हणतो. नाही तर तू झोपत नाहीस." मला यावर काय बोलावं सुचेना. वर म्हणतो, "तुला सकाळी ऑफिस असतं." त्याला बारावी आहे आणि तो माझ्या ऑफिसची काळजी करतोय. आता फोनवर बोट्याचा विषय त्यानं काढला तरच निघतो. केमिस्ट्री बरीच मागं राहिलीय, ते मात्र खरंय. त्याचा चुलतभाऊ मिरजेहून येऊन शिकवणार आहे.

बोट्याचं रक्त तपासलं. गोचीड ताप निघाला, सुरुवातीचाच. गोळ्या चालू केल्यात. लस चार महिने उलटून गेली होती, डॉक्टरांनी लिहिलं होतं अगदी तसंच. म्हणजे आम्ही सगळा दोष भांडणाला देत होतो आणि निम्मा दोष गोचिडाचा होता. आजीनं हे ऐकून बाबांना सुनावलं, "तुमचं भांडण करायला वेळ हाय, जनावराला सुई टोचायला न्हाई." बाबा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतः चिमटा घेऊन गोचिड्या काढत बसले. कंदील लावून पोथी वाचावी तसे नाकावर चष्मा ओढून, तासभर. आई दारातनं बघत होती. "कानाच्या मागं बघा," म्हणाली. बोट्याला नाही, बाबांना. बाबांनी कानामागं बघितलं. यावरून कुणी काही गोड अर्थ काढू नका, रात्री दागिन्यांवरनं परत वाजलंच. फक्त ते वाजलं ते एकमेकांशी.

बिबट्याचं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय ठाऊक नाही होय?" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, मळ्याचं राहू दे. त्यांच्या मनात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित घरातली एक तरी गोष्ट लवकर निकालात निघावी असं वाटत असेल. दुकान निघत नाही, कर्ज निघत नाही, निदान कुत्रा.

माई, आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं. "आठव्या दिवसापासून भाकरी तिनं थापायच्या" इथं ती हसली. मग डोळे पुसून म्हणाली, तासगावचं मी म्हटलंच नव्हतं, तुझ्या मामानं म्हटलं आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिला विश्रामबागच बरी वाटते. आजी गावभाग सोडणार नाही म्हणाली, पण आंघोळीचं पाणी तापवायला कुणी तरी लागतं, त्याचं काय करायचं ते ठरायचंय. बाबांचं जेवण कोण करणार हाही प्रश्न आला, तर आई म्हणाली, एक डबा गावभागात पाठवीन, पैसे घेऊन. बाबा हो म्हणाले. महिन्याचा दर पण ठरला, बाकीच्या मुलांना तोच.

मी अजून रात्री जागतेच. एक-दोनदा १४४१६ लावला, बोलले, पुढं कुणाला तरी प्रत्यक्ष भेटायचं बघतेय. बोट्या नावाला अंडं खायला येतो, पण आवाज आईचा असेल तरच. माझ्या आवाजाला अजून कान टवकारून बघतो, येत नाही. फोनवरनं मी फार ओरडायचे बहुतेक, "बोट्याऽऽ" करून.

तर आता कामाचं. विश्रामबागेत किंवा तिथनं मिरज रोडच्या बाजूला दोन खोल्या-किचन हव्यात, तळमजला असेल तर उत्तम, मागं थोडी मोकळी जागा असेल तर अजून उत्तम. राहणार आई, भाऊ आणि एक कुत्रा. घरातनं डबे होतील, सकाळी पाचला मिक्सर लागेल. करार नोंदवून, काका म्हणतात तसं कुत्र्याचं वाक्य घालूनच. शाकाहारी घरमालकांना अडचण नसावी. आई, भाऊ आणि मी तिघंही शाकाहारी, बोट्या अंडी खातो, ते आधीच सांगते. कुणाच्या माहितीत असेल तर इथंच निरोप टाका.